सबळ कारण

"नोकरी हे काही कारण होत नाही," सानाए म्हणाली. "इथे नोकरी कोण करत नाही? पुढच्या या."

पुढची आई उठली. दुसरीच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, अठ्ठावीस आया अंग चोरून बसल्या होत्या. मुलं खाली व्यायामशाळेत खेळत होती. पालक संघाच्या कामाला वर्गातून सहा जणी हव्या होत्या आणि निवडीचं काम सानाएकडे होतं. जिला नको असेल तिने सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं आणि ते पटलं तर बाकीच्यांनी हात वर करायचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बायकांनीच बायकांसाठी केलेला होता, म्हणून तो मोडायची कुणाची छाती नव्हती. वडिलांनाही बोलावणं होतं, ते आले नव्हते इतकंच.

तान्हं बाळ आहे, हे कारण पडलं. "पाठीला बांधून आणा की. मी नव्हते का आणत?" असं कुणीतरी म्हणालं. अंथरुणाला खिळलेली सासू कशीबशी पास झाली, तरी मागून एक आवाज आलाच, "पण त्यांच्याकडे दिवसा मदतनीस येते ना?"

सानाए काही दुष्ट नव्हती. गेल्या वर्षी चिठ्ठीत तिचं नाव निघालं होतं आणि दुखरी कंबर धरून तिने वर्षभर क्रीडादिनाच्या सतरंज्या वाहिल्या होत्या. आपण सोसलं ते दुसरीने का सोसू नये, असं तिचं साधं म्हणणं होतं. आपल्यापैकी पुष्कळ जणींचं असतं.

मग सुमिरेची आई उठली. आमच्याकडे मूल शाळेत गेलं की आईचं नाव पुसलं जातं, त्यामुळे तिचं स्वतःचं नाव वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"घरची अडचण आहे," ती म्हणाली. "या वर्षी मला सोडा."

"कसली अडचण?"

"ती सांगता यायची नाही."

वर्गात कुजबुज झाली. हिच्याबद्दल तशी आधीपासूनच होत होती. नवरा बदलीवर ओसाकाला, आणि ही एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी नटूनथटून टॅक्सीत बसते, हे तिघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"गुरुवारी बरा वेळ मिळतो बाई त्यांना," खिडकीशी बसलेली एक जण कुणाकडेच न बघता म्हणाली. दोघी तिघी हसल्या. सानाएलाही हसू आलं, ते तिने कागदाआड लपवलं.

"बाकीच्यांनी सगळं उघड सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्हाला तेवढा वेगळा न्याय कसा लावायचा?"

सुमिरेच्या आईने दाराकडे पाहिलं. दार नीट लावलेलं होतं.

"मला कॅन्सर आहे," ती म्हणाली. "गुरुवारी औषध चढवायला जाते. डॉक्टर आता पुढच्या वर्षाचं काही बोलत नाहीत. सुमिरेला वाटतं मी ऑफिसला जाते, म्हणून तसे कपडे घालते. तिला काही म्हणजे काही माहीत नाही. जूनमध्ये तिचा वाढदिवस आहे. तोवर तरी कळू नये. तेवढं सांभाळा."

सगळे हात वर झाले. खिडकीजवळची बाई सगळ्यांत जास्त रडली. कुणाला काही बोलायचं नाही, असं सगळ्यांनी एकमेकींना बजावलं आणि वाकून वाकून सुमिरेच्या आईची माफी मागितली. सानाए तिच्यासोबत खाली, शाळेच्या दाराजवळच्या बुटांच्या कपाटापर्यंत गेली.

"आधी सांगायचं होतंत. आम्ही काय परक्या आहोत?"

"आता सांगितलं ना," सुमिरेची आई म्हणाली आणि बुटाचा पट्टा लावत राहिली.

सानाएला मनापासून वाईट वाटलं होतं. पण ते एकटीने पोटात ठेवायचं म्हणजे फार जड होतं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्यांची मुलगी होनोका पलीकडच्या खोलीत अक्षरं गिरवत होती. सानाएने सरकतं दार ओढून घेतलं आणि हलक्या आवाजात त्याला सगळं सांगितलं. ती बाई किती धीराची, आपण तिला किती टोचून बोललो, हे सांगताना तिला रडू आलं. रडल्यावर जरा हलकं वाटलं.

"बाहेर कुणाला बोलायचं नाही हं," तिने नवऱ्याला दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून बांबूचे कोवळे कोंब आणले आणि ते घालून भात केला. एक डबा सुमिरेच्या घरी द्यायचा होता. काय बोलायचं हे तिने मनात ठरवूनही ठेवलं. काही लागलं तर हक्काने सांगा, मुलीला खुशाल आमच्याकडे पाठवा. डब्याला ती रुमाल बांधत होती तेवढ्यात होनोका शाळेतून आली.

"आई, मी आज सुमिरेला एक चांगली गोष्ट सांगितली. तर ती रडायलाच लागली. मग बाईंनी तिच्या घरी फोन केला."

सानाएच्या हातातली गाठ अर्धीच राहिली. "काय सांगितलंस तू?"

"काही वाईट नाही गं," होनोका म्हणाली. "मी म्हटलं, तुझी आई मेली ना, की तू आमच्याकडे राहायला ये. माझी आई खूप चांगली आहे."