सळई वर हवी होती

"टेकू काढायचे नाहीत," हिम्मतराव म्हणाले. "सज्जा पाडायचा."

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष नामदेवराव हसले. "परवा हैदराबाद आंध्र प्रदेशात जातंय, इंजिनियर साहेब. मुली याच सज्ज्यावर उभ्या राहून गाणार. पत्रिका वाटून झाल्या. नक्को तिथं नक्को ते कायकू बोलता?"

मुख्याध्यापिका कुसुमताईंच्या हातात खडू होता. हिम्मतरावांनी तो घेतला. दोन बोटांवर आडवा धरला, मधोमध अंगठा टेकवला.

"दोन भिंतींवरची तुळई. ताण खाली. काँक्रीट ताणाने फाटतं, सळई धरून ठेवते. सळई खाली."

मग एक टोक मुठीत धरलं, दुसरं दाबलं. कट्.

"हा सज्जा. एकाच भिंतीतून बाहेर आलेला. ताण वर. सळई वर. काल वरून चार बोटं खोदून बघितलं. सळई नाही. तळाला गेलीय."

"कशी जाईल?"

(अशी:
काँक्रीट ओतायच्या सकाळी सळयांच्या जाळीवर नारळ फुटला.
जाळीवर कमिटी चढली. बुटांसकट.
जाळीवर फोटो निघाला.
जाळी दबली.
हिम्मतराव सिकंदराबादच्या कामावरून पोचेपर्यंत वर काँक्रीट पडलं होतं.)

"फोटोला एवढी माणसं उभी राहिली, तेव्हा काही झालं नाही," नामदेवराव म्हणाले.

"तेव्हा खाली टेकू होते."

"पोरींचं वजन ते काय? आणि पाडून परत बांधायचा कुणी? नवं सरकार मराठी शाळेला पैसे देणार? मी कुणाच्या दारात जाऊ?"

"तुम्ही कुठे जाता? तुमची बदली औरंगाबादला झालीय," कुसुमताई म्हणाल्या. "परवापासून तुम्ही मुंबई राज्यातले. इथे सज्ज्यावर तुमचं नाव कोरलेली फरशी राहील. तिच्याखाली मी. आणि मुली."

"बाई, तोंड सांभाळा."

कुसुमताईंनी मिस्त्रीला हाक मारली. "मस्तानभाई, टेकू निकालो."

"ताई," हिम्मतराव पुढे झाले.

"पण ठैरो. पहले कमिटी ऊपर जाती." कुसुमताईंनी जिन्याकडे बोट केलं. "चढा, नामदेवराव. फोटोत उभे होता तसेच. बुटांसकट."

मस्तान पहार घेऊन टेकूपाशी उभा राहिला.

नामदेवरावांनी वर पाहिलं. बघता बघता एक पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक. सज्ज्याच्या सावलीतून बाहेर, उन्हात.

मस्तानने पहार खाली ठेवली आणि घण उचलला.