हाताची पारख

सुगरताबाईला मुलगा योगराजसाठी सून हवी होती ती धानाच्या रोवणीच्या चिखलात टिकणारी. म्हणून अर्जुनी मोरगावला मुलगी पाहायला गेल्यावर मध्यस्थ अल्काबाईने मुलीचं शिक्षण, कामधंदा सांगायला तोंड उघडलं, तर सुगरताबाईने तिला तिथेच गप्प केलं. "राहू दे तुहं पुराण. मी हात पायतो, हातच सारं सांगते."

त्या मुलीची, डिलेश्वरीची नखं मुळापर्यंत काळी आणि कडेची कातडी सोललेली होती. "पोरगी धानाच्या बांधीतूनच उठून आली दिसते!" सुगरताबाई खूश झाली. लगेच होकार देऊन आली आणि आपल्या पारखेचं कौतुक गावभर सांगत फिरली.

लग्नानंतरच्या पहिल्या रोवणीला अंगणात बाया जमल्या. सासूने पदर खोचला. "चाल वो सूनबाई, बांधीत."

डिलेश्वरी बावरली. "आई, मी तं कधी बांधीत उतरलीच नाही. माहेरी माहं पार्लर होतं. बायांचे केस काळे करू करू नखं तशी झाली होती. लग्न ठरल्यावर हातमोजे आणले, आता नखाच्या मुळाशी रोज तेल चोळून राहिली. पाहा, कशी साफ झाली!"

अंगणातल्या बाया पदराआड हसू लागल्या.

खोचलेला पदर सोडून सुगरताबाई ठसक्यात म्हणाली, "दात काय दावता वो? केस काळे करायचे असतीन तं रोवणी झाल्यावर घरी या. असा कमावता हात म्या एका नजरेत ओळखला होता!"