सेलवानी भाषा उपलब्ध नाही

तापाने फणफणलेल्या लेकीला कवटाळून नूरिन दारात आली, तेव्हा मालिनी रेगे जेवायला बसत होत्या. नूरिन सेलवान देशातून आलेली, खालच्या मजल्यावर नुकतीच राहायला लागलेली. रेगेबाईंनी ताट तसंच ठेवलं आणि दोघींना इस्पितळात नेलं.

"हिला कुठलं औषध सोसत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

टेबलावरचं भाषांतरयंत्र म्हणालं, "सेलवान देशावरच्या निर्बंधांमुळे सेलवानी भाषा उपलब्ध नाही."

रेगेबाईंनी मान खाली घातली. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या त्या वकील होत्या. उपचारांपुरती भाषा चालू ठेवायला कायद्यात सूट होती, पण उगाच जोखीम नको म्हणून 'सरसकट बंद करा' असा सल्ला त्यांनीच दिला होता.

इंजेक्शन आणि त्याच्या बाटलीवरचं नाव दिसताच नूरिन ओरडू लागली, डॉक्टरांचा हात ढकलू लागली.

"सुईला घाबरलीय बिचारी," म्हणत रेगेबाईंनी तिला मायेने धरून ठेवलं.

इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात पोरीला श्वास घेता येईना. रेगेबाईंनी कंपनीला फोन लावला. "सेलवानी सुरू करा, आत्ताच! जबाबदारी माझी."

यंत्र बोलू लागलं, "हे औषध हिला चालत नाही. केव्हाची सांगतेय मी!"

डॉक्टरांनी शर्थ केली, पण पोर हाती लागली नाही.

बाहेरच्या बाकावर नूरिनने विचारलं, "आधी यंत्र बिघडलं होतं का?"

"हो," रेगेबाई म्हणाल्या.

यंत्राने तेवढा एक शब्द तिच्या भाषेत चोख पोचवला. नूरिनने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.