मोठ्या दंडाचा पट्टा
आनासेइनीला या व्यवहारात मिळायचं होतं काय, तर स्वतःचं एक मूत्रपिंड कमी आणि भाऊ जिवंत. त्या भावाची, सेमीसीची, दोन्ही निकामी झाली होती, पण त्याने मागितलं नाही. टोंगा बेटांवरून आलेल्या आम्हा लोकांत भाऊ बहिणीपुढे आवाज चढवत नाही, तिथे मूत्रपिंड कुठून मागणार? तिनेच ठरवलं. डॉक्टरांची अट एकच, देणारीचा रक्तदाब आटोक्यात हवा. मांगेरे या आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात नर्सने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि तो नेहमीसारखा अपुरा पडला. ओढूनताणून बसवला, तर आकडा चढलेला. "ताई, मीठ कमी करा." "मीठ कधीच सोडलं गं. आता हा दंड घरी ठेवून येऊ का?" नर्स ओशाळली. "लहान पट्ट्यात दाब जास्तच दिसतो हो. मोठा मागवलाय." "नाताळातही मागवलाच होतात. अख्ख्या वस्तीत बारीक दंडाचा माणूस एकच, तुमचा डॉक्टर. पट्टे मात्र सगळे त्याच्या मापाचे!" रांगेतले सगळे हसले. नर्सने तरी तोच आकडा लिहिला. दिसलं ते लिहायचं, असा नियम. त्या आकड्यापायी शस्त्रक्रिया लांबत गेली. मोठा पट्टा ऑगस्टात, इकडची थंडी सरता सरता आला. त्यात आनासेइनीचा दाब उत्तम निघाला, बहुधा पहिल्यापासून तसाच असावा. पण तोवर डायलिसिस करून करून सेमीसीचं हृदय थकलं होतं. शस्त्रक्रिया आता झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पट्ट्याचे पैसे दवाखान्याने भरले. उशिराचे सेमीसी भरतो आहे, दिवसाआड, त्या यंत्राला जोडलेल्या हाताने.