कडुलिंबाची गल्ली

खड्डे होते, काट्याकुट्यांची कुंपणं होती, रोपं नव्हती. उर्वी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत धावत गेली. नव्या गावातली ही गल्ली पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, त्यामुळे एकही झाड नाही हे पार टोकापर्यंत दिसत होतं.

आलोक सरांची जीप एव्हाना लातुरातून निघाली असेल. ते पुण्याच्या संस्थेचे. भूकंपानंतर वसवलेल्या या गावात कॉलेजच्या मुलांनी लावलेले कडुलिंब जगले का, हे ते आज पाहणार होते. या गल्लीची जबाबदारी उर्वीची. रोपं जगलेली दिसली तर संस्थेकडून तिचं जर्मनीला जाणं पक्कं. तिथं सहा महिने जंगलांचा अभ्यास. नाही तर जूनपासून वडिलांच्या शिकवणीत बसायचं, मेडिकलच्या प्रवेशासाठी पुन्हा एकदा. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या लागत होत्या, आणि शरदचंद्र सरांच्या मुलीनेच डॉक्टर व्हायचं नाही म्हणणं, हे हलवायाच्या मुलीने साखर नको म्हणण्यासारखं होतं.

गल्लीतली म्हातारी केवळाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती.

"आजी, रोपं कुठं गेली? शेळ्यांनी खाल्ली?"

"शेळीची काय टाप हाय?" केवळाबाईने सुपातला खडा फेकला. "आमीच नेली. जुन्या गावात. तू परीक्षेला गेलीस ना, तवा. मुळाच्या मातीसकट नेली, येकबी मेलं न्हाई."

"कुणाला विचारून?"

"इचारलं असतं तर तू व्हय म्हनली असतीस?"

उर्वीला रडावं की ओरडावं ते कळेना. ती घड्याळ बघत उभी राहिली, मग एकदम नदीच्या बाजूला चालू लागली. केवळाबाई सूप ठेवून मागोमाग निघाली.

"हळू चाल की माय. ह्या नव्या गावात सारी घरं येकाच तोंडवळ्याची. परवा आमचा ल्योक बजरंग दुसऱ्याच्याच घरात जाऊन भाकर मागत बसला. त्या बाईनं वाढलीबी."

एरवी उर्वी हसली असती.

जुन्या गावात काहीच उरलेलं नव्हतं. बरेचसे दगड लोकांनी उचलून नेले होते, राहिलेल्यावर बुलडोझर फिरला होता. सपाट माती आणि मधेमधे वेडी बाभूळ. त्या उघड्या रानात कडुलिंब उभे होते, कमरेएवढे, हिरवेगार. दोन अगदी जवळजवळ, एक लांब कोपऱ्यात, तीन वाकड्या ओळीत. प्रत्येकाचं आळं ओलं होतं. भर मे महिन्यात कुणीतरी इतक्या लांब डोक्यावरून पाणी आणत होतं.

उर्वी तरातरा सगळ्यात जवळच्या रोपाकडे निघाली.

"आगं, भित्तीतून कुटं चाललीस?" मागून केवळाबाई ओरडली. "दारातून ये."

उर्वी थबकली. समोर नुसती माती होती. केवळाबाई डावीकडून वळसा घालून गेली, एका जागी थांबली, डोक्यावर काही नसताना मान खाली घालून वाकली, पाय उचलून आत टाकला, आणि मग सरळ झाली.

"चौकट ठेंगणी व्हती," ती म्हणाली. "नवी सून आली की पयलं कपाळ हानून घ्यायची. आमची सुकन्याबी." तिने रोपाच्या शेंड्यावरची धूळ बोटाने पुसली. "हितंच निजली व्हती ती, त्या राती. लेकरू कुशीत. आमाला काय, आमी कुटंबी सावलीला बसू. ह्यास्नी कोन हाय?"

 उर्वीची बोटं घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होती. मग तिने भराभर सगळं सांगून टाकलं. जीप, आलोक सर, जर्मनी, वडिलांची शिकवणी.

"आस्सं हाय व्हय?" केवळाबाईने कमरेचं खुरपं काढलं आणि रोपाजवळ बसली. "आदी सांगायचं की, खुळे. माजं ने. बाकीच्यास्नी मी सांगते. लेकरू शिकाया चाललंय, कोन न्हाई म्हनंल?"

खुरप्याचं टोक मातीत गेलं. माती ओली होती, रोप सहज निघालं असतं. सगळीच निघाली असती. संध्याकाळपर्यंत ती नव्या गल्लीत ताजी दिसली असती, फोटो छान आले असते. पण घाईत उपटलेली ती दोन दिवसांत या उन्हात वाळून गेली असती. हे उर्वीला कळत होतं. एवढं वनस्पतिशास्त्र तिला येत होतं.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. गावातल्या कुणीतरी वाट दाखवली असावी.

उर्वी खाली बसली. केवळाबाईच्या हातातलं खुरपं तिने काढून घेतलं, निघालेली माती दोन्ही हातांनी परत बुंध्याशी लोटली, वरून दाबली.

आलोक सर गळ्यात कॅमेरा अडकवून उतरले. आधी त्यांनी नव्या गावाच्या पत्र्यांकडे पाहिलं, मग या मोकळ्या रानाकडे.

"उर्वी, अगं तिकडची गल्ली रिकामी आहे! आणि इथं काय करतेस तू?"

"रोपं इथं आहेत, सर."

"इथं? इथं माणूस राहत नाही. ही जागा आपल्या नकाशातच नाही. पुण्यात काय सांगू मी?"

ते रागातच लांब लांब ढांगा टाकत सरळ तिच्याकडे निघाले.

उर्वीने मातीचा हात वर केला.

"सर, तिथून नको. ती भिंत आहे. इकडून या, दारातून." आणि ते तसेच थांबलेले पाहून ती हळूच म्हणाली, "जरा वाकून."