मुठीची खूण

“सगळ्या खुणा दाखव, मूठ तेवढी नको,” बाबा तिचे बूट चमकवत म्हणाला.

“वा! तीच तर दाखवायचीय.” फटाकडी गणवेशाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होती. हे नाव तिला मामाने ठेवलं होतं, आणि ते किती शोभतं हे शाळेला रोज ऐकू यायचं.

“आईला त्रास होईल. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

हातखुणांच्या कार्यक्रमाला ही म्हण! फटाकडी इतकी हसली की बाहीवर नवीच चुणी पडली.

मामा गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. बाबा आणि मामा एकाच तुकडीत. त्या दिवशी बाबा पुढे, मामा मागे. पुलापाशी बाबाला जमिनीत काहीतरी दिसलं आणि त्याने मूठ वर केली. आपल्या सैन्यात याचा अर्थ ‘थांबा’. पण मामा त्याआधी वर्षभर मित्रदेशाच्या सैन्यात शिकायला होता, आणि त्यांच्यात म्हणे मूठ म्हणजे ‘धावत पुढे या’. मामा धावला. सुरुंग फुटला.

सैन्याकडून फक्त स्फोटाचं कळलं होतं. बाकीचं बाबाने घरी येऊन सांगितलं, स्वतःच्या हाताकडे बघत. मग त्याने नोकरीच सोडली. आईने भावासाठी रडायचं बाजूला ठेवून नवऱ्याला सावरलं.

मामी मात्र सावरायला आली नाही. ती शिवणवर्ग चालवायची आणि बोलायचीही तशीच. “तुझ्या बाबाच्या गोष्टीची शिलाई छान आहे गं. कापड मला पटत नाही.” त्यानंतर ती या घराची पायरी चढली नव्हती.

आणि आता दोन्ही सैन्यांचा संयुक्त सराव गावाबाहेरच लागला होता! दोन्हीकडची एकेक तुकडी शाळेच्या मैदानावर येणार होती. छात्रसेनेची प्रमुख म्हणून फटाकडीने कवायतीच्या सरांचं डोकं खाऊन खाऊन खुणा द्यायचं काम मिळवलं. मूठ वर जाईल, आपले थांबतील, ते धावतील. मामी स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. मग मामी घरी. विषय संपला.

“एकदाच ये ना मामी. नाही पटलं तर पुन्हा नाव काढणार नाही.”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तू कसली गप्प बसतेस!” मामी म्हणाली. पण आली.

आई मध्ये बसली, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मामी. पाहुण्या सैनिकांची गाडी आयत्या वेळी पोचली, त्यामुळे तालीम झालीच नाही. फटाकडीला कसली फिकीर? सगळ्या खुणा बाबाने शिकवलेल्या. खुणांचं पुस्तक उघडायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

तिने पंजा डोक्यावर ठेवला. आपले सैनिक धावत येऊन तिच्याभोवती गोळा झाले. पाहुणे होते तिथेच गुडघ्यावर बसले आणि तिची राखण करायला बंदुका बाहेरच्या दिशेने रोखल्या. मैदान हसून लोटपोट.

“एकच खूण, दोन अर्थ!” फटाकडी ओरडली आणि तिने मामीकडे बघून भुवया उडवल्या. मामी पुढे सरकून बसली होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर शंका होती, आणि ती स्वतःबद्दलची होती.

बाबा उठला. “पाणी घेऊन येतो.”

“बसा हो,” आईने त्याची बाही ओढली. “लेकीचं काम चाललंय.”

आता दोन्ही तुकड्या मैदानाच्या टोकाला रांगेत उभ्या राहिल्या. शिट्टी झाली की तिच्याकडे धावत सुटायचं, मग खुणेप्रमाणे वागायचं. शिट्टी झाली. बुटांचा धाड धाड आवाज, धूळ. फटाकडीने बाबाकडे बघितलं. बाबा मान हलवत होता, नको, नको. बिचारा! आता थोडाच वेळ, बाबा. एवढ्या वर्षांचं ओझं आत्ता उतरवते तुझं.

तिने मूठ उंच केली.

दोन्ही रांगा जागच्या जागी थिजल्या, पाहुण्यांची आधी.