बोलायची पद्धत

आदेशची नोकरी घरूनच होती. पिंपरी पेंढार गावातल्या घराच्या पडवीत बसून तो ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचा. तिकडं कुणाचं इंटरनेट बंद पडलं, की तो माणूस पहिला आदेशवर उखडायचा. त्या दिवशी हेडफोन बिघडला म्हणून त्यानं स्पीकर लावला, आणि शेजारी मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या सारजाबाईच्या कानावर पलीकडच्या गोऱ्याचा आवाज पडला. "ब्लडी इडियट" एवढं तिला कळत होतं, कारण तो तेच परत परत म्हणत होता. पोरगं आपलं मान खाली घालून "सॉरी सर, सॉरी सर" करत होतं.

फोन संपला तशी तिनं विचारलं, "काय रं म्हणत व्हता त्यो?"

"काय नाय गं आये. त्येंची बोलायची पद्धतच हाय ती. आपण येता-जाता 'राव' लावतो ना, तसं."

"मंग डोळं का लाल झाल्यात तुझं?"

"स्क्रीनमुळं."

सारजाबाईच्या हातातली जुडी सुटली. भाकर जरा करपली, की आदेशचा बाप तिची आई-बहीण काढायचा. तेव्हा एवढासा आदेश तिच्या पदराला धरून विचारायचा, "आये, आप्पा तुला काय म्हणत्यात?"

 

"काय नाय रं सोन्या, त्येंची बोलायची पद्धतच हाय ती," ती डोळे पुसत म्हणायची, "चुलीचा धूर गेला बघ डोळ्यात."